क्लासिक रॉकचे गिटारिस्ट, बँड आणि लाइव्ह रेकॉर्डिंग: वारंवार विचारले जाणारे आणि दरवेळी भांडणावर येणारे प्रश्न

चार रॉकवाले एकत्र जमले की पहिल्या चहाला लेड झेपेलिनचा जिमी पेज की डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर, दुसऱ्या चहाला जिमी हेंड्रिक्स की एरिक क्लॅप्टन आणि तिसऱ्यापर्यंत हमरीतुमरी, हे ठरलेलंच. भांडायला हरकत नाही. फक्त एक अट पाळली तर वादात जरा जीव येतो: माणसाचं नाव घेऊन भांडू नका, रेकॉर्डिंगचं नाव घ्या. कुठलं शहर, कुठला हॉल, कुठली रात्र, ते सांगा आणि मग बोला. खालची उत्तरं याच अटीवर दिली आहेत. ती तटस्थ नाहीत.

सगळ्यात भारी गिटारिस्ट कोण? एकच नाव सांगा.

जेफ बेक.

आता कारण. 1960 च्या दशकात यार्डबर्ड्स या एकाच ब्रिटिश बँडमध्ये एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज हे तिघे पाठोपाठ येऊन गेले. त्यामुळे हे तीन पक्ष कायमचेच. क्लॅप्टनची बाजू मांडायची तर 10 मार्च 1968, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड, त्याच्या क्रीम या तिघांच्या बँडने वाजवलेलं 'क्रॉसरोड्स'. जेमतेम चार मिनिटांचं गाणं. त्यातल्या दुसऱ्या सोलोत (एका वाद्याने पुढे येऊन वाजवायच्या भागात) क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर तिघेही आपापल्या वाटेने सुटलेले असतात आणि तरी गाणं फुटत नाही. पेजची बाजू मांडायची तर जून 1972, लॉस एंजेलिस. त्याबद्दल पुढे येईलच.

बेकसाठी मात्र ऐकू नका, बघा. 2007 साली लंडनच्या रॉनी स्कॉट्स या छोट्याशा जॅझ क्लबात त्याने मैफली केल्या, त्यांचं चित्रण उपलब्ध आहे. नजर उजव्या हातावर ठेवा. पिक नाही. म्हणजे तार छेडायची चकती हातात नाही, अंगठ्याने छेडतो, करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर आणि व्हायब्रेटोची दांडी त्याच हाताच्या ताब्यात. आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग करंगळीने तो हळूच उघडायचा, म्हणजे छेडल्याचा टणका ऐकूच येत नाही, नुसता स्वर येतो. मग दांडीने त्याला मींड. आपल्याकडे ज्याला गायकी अंग म्हणतात ते हेच. जानेवारी 2023 मध्ये बेक गेला, तोपर्यंत तो असाच वाजवत होता आणि त्याच्यासारखं वाजवणारा दुसरा तयार झाला नाही. क्लॅप्टनसारखं आणि पेजसारखं वाजवणारे गल्लोगल्ली आहेत.

लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकायचीच कशाला? स्टुडिओतलं जास्त स्वच्छ असतं की.

असतंच. पण या काळातले बरेचसे बँड स्टुडिओत गाणं नोंदवायचे आणि स्टेजवर ते वाढवायचे. ऑलमन ब्रदर्सचं स्टुडिओतलं 'व्हिपिंग पोस्ट' पाच-सव्वापाच मिनिटांचं आहे, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या हॉलमधलं तेवीस मिनिटांचं. पहिल्याला बंदिश म्हणा, बढत दुसऱ्यात आहे. नुसती बंदिश ऐकून गवयाबद्दल मत देणाऱ्याला आपण काय म्हणू?

सुरुवात कुठून करू?

तीन रेकॉर्ड, याच क्रमाने: द हूचं 'लाइव्ह ॲट लीड्स', डीप पर्पलचं 'मेड इन जपान', ऑलमन ब्रदर्सचं 'ॲट फिलमोर ईस्ट'. तिन्ही 1970 ते 1972 या तीन वर्षांतल्या. हा योगायोग नाही. तोवर ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारी यंत्रं) मोठे झाले होते, आठ आणि सोळा ट्रॅकची, म्हणजे तितके आवाज वेगवेगळे नोंदवणारी, यंत्रं हॉलपर्यंत नेता येऊ लागली होती आणि बँड अजून स्टेडियममध्ये शिरले नव्हते. आवाज मोठा पण जागा लहान, असा तो थोडाच काळ होता.

'लाइव्ह ॲट लीड्स'चं एवढं कौतुक का? तो तर विद्यापीठाच्या कँटीनमध्ये रेकॉर्ड झाला म्हणे.

खरं आहे. 14 फेब्रुवारी 1970, लीड्स विद्यापीठाची रिफेक्टरी, म्हणजे विद्यार्थ्यांचं जेवणघर. आज तिथे स्मृतिफलक आहे.

त्याआधी अमेरिकेच्या दौऱ्यातल्या कित्येक मैफलींच्या टेप जमल्या होत्या. त्या सगळ्या ऐकत बसणं गिटारिस्ट पीट टाउनशेंडच्या जिवावर आलं आणि त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्या त्याने जाळून टाकायला लावल्या. मग लीड्स आणि दुसऱ्या दिवशी हल शहर, असे दोनच कार्यक्रम खास रेकॉर्डिंगसाठी ठरवले. हलच्या टेपवर सुरुवातीच्या काही गाण्यांत जॉन एंटविसलचा बासच उतरला नाही. त्यामुळे लीड्स.

रेकॉर्डचं वेष्टन मुद्दाम चोरट्या रेकॉर्डसारखं केलं होतं: तपकिरी कागद, त्यावर शिक्का मारल्यासारखं नाव. टेपमध्ये खरखर आहे ती दुरुस्त करू नका, ती चालेल, अशी सूचना थेट लेबलवर छापलेली. मूळ तबकडीवर फक्त सहा गाणी होती. त्या रात्री 'टॉमी' हा त्यांचा रॉक ऑपेरा जवळजवळ अख्खा वाजवला होता, तो पुढे 2001 च्या आवृत्तीत आला.

ऐकायचं काय, तर गिटार आणि बास. गिटार एका बाजूला आणि बास दुसऱ्या बाजूला ठेवलाय. हेडफोनचा एक कान काढून ऐका. एंटविसलच्या बाजूला राहिलात तर लक्षात येईल की हा माणूस बासवर अख्खे सोलो वाजवतोय आणि टाउनशेंड दुसऱ्या बाजूला ठेका धरून बसलाय. एरवी बँडमध्ये हे उलटं असतं. म्हणूनच 'टाउनशेंड भारी गिटारिस्ट आहे का' या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. एकट्याने वाजवलेल्या सुरांच्या लडी मोजल्या तर तो मागे पडेल. पण तीन वाद्यांच्या बँडमध्ये भिंत उभी करायची तर त्याच्यासारखा नाही.

हलची मैफलही नंतर प्रसिद्ध झाली, हरवलेला बास लीड्सच्या टेपवरून उचलून जोडला. ती लीड्सपेक्षा सरस आहे असं म्हणणारा एक गट आहे. त्यांच्या नादी लागू नका, पण ऐका जरूर.

ऑलमन ब्रदर्समध्ये दोन गिटारिस्ट आहेत. कोण कुठे वाजवतंय ते कसं ओळखायचं?

काचेच्या बाटलीचा आवाज आला की ड्युएन ऑलमन. कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली बोटात घालून, ती तारांवरून घसरवत तो स्लाइड वाजवायचा. 'स्टेट्सबरो ब्लूज'च्या पहिल्याच सेकंदाला तो आवाज येतो आणि पुढे वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या प्रत्येक स्लाइडवाल्याने त्याची नक्कल केली.

स्लाइड नसेल तेव्हा जरा अवघड होतं. 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' घ्या. रचना डिकी बेट्सची, पहिला सोलोही त्याचाच. मग ड्युएनचा धाकटा भाऊ ग्रेग याचा ऑर्गन. त्यानंतर ड्युएन. बेट्स गोड, वळणदार, एक वाक्य पूर्ण करून दुसरं सुरू करणारा. ड्युएन एकाच कल्पनेला धरून तिला वर वर नेत राहतो, श्वास घेऊ देत नाही. दोन-तीनदा ऐकलंत की गोंधळ होणार नाही.

'व्हिपिंग पोस्ट'चा सुरुवातीचा भाग हाताने टाळी देऊन मोजा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. अकरा मात्रा. ज्याने हे लिहिलं त्या ग्रेगला ते अकरा आहे याचा पत्ताच नव्हता, थोरल्या भावाने सांगितल्यावर कळलं, असं तो स्वतःच सांगायचा. तबला शिकलेल्या मित्राला हे ऐकवा. रॉकला नाकं मुरडणारी माणसं इथे हमखास मान डोलवतात.

रेकॉर्डिंग 12 आणि 13 मार्च 1971 चं, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधलं. निर्माता टॉम डाउड. पहिल्या रात्री बँडने न विचारता हॉर्नवाले, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचे वादक, आणले होते, डाउडने त्यांची रवानगी केली. त्याचे उपकारच. जूनअखेर फिलमोर ईस्ट बंद पडलं, जुलैत अल्बम आला आणि 29 ऑक्टोबरला मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात ड्युएन गेला. चोवीस वर्षांचा होता.

'मेड इन जपान' खरंच पूर्ण लाइव्ह आहे का?

हो. 15 आणि 16 ऑगस्ट 1972 ओसाका, 17 ऑगस्ट तोक्योचं बुडोकान. तीन रात्रींतून सात गाणी निवडली, पण वरून काही भरलं नाही. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च. मुळात ही रेकॉर्ड फक्त जपानसाठी होती, बँडला तिचं फारसं अप्रूपही नव्हतं. पण आज डीप पर्पल म्हटलं की लोकांच्या कानात वाजतं ते बहुतेकदा इथलंच.

'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये रिची ब्लॅकमोर आणि इयन गिलन यांची गिटार आणि गळ्याची सवाल-जवाब ऐका. ब्लॅकमोर एक तुकडा टाकतो, गिलन तो गळ्यातून परत करतो, मग ब्लॅकमोर मुद्दाम जास्त वाकडा तुकडा टाकतो. दोघांचं आपसात पटत नव्हतं हे माहीत असेल तर जास्त मजा येते. गिलनने त्यानंतरच्याच वर्षी बँड सोडला.

'स्मोक ऑन द वॉटर'चा तो रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) सगळेच चुकीचा वाजवतात, असं का म्हणतात?

कारण गिटार क्लासच्या पहिल्या महिन्यात तो एका तारेवर शिकवतात: शून्य, तीन, पाच. ब्लॅकमोर दोन तारा एकदम वाजवतो, दोन्ही स्वरांमध्ये षड्ज-मध्यमाचं अंतर, आणि पिकऐवजी दोन बोटांनी चिमटून. पिकने वाजवला तर एक तार आधी आणि दुसरी मागाहून वाजते. चिमटल्यावर दोन्ही एकाच क्षणी सुटतात, म्हणून त्याच्या रिफला ती धार आहे. गाण्यातली आग खरी: 4 डिसेंबर 1971 रोजी स्वित्झर्लंडच्या माँत्रोमध्ये फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कसिनो जळालं, ते पर्पलवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

पेज की ब्लॅकमोर?

हा वाद आपल्याकडच्या कॉलेज बँडांनी पिढ्यान्‌पिढ्या घातलाय. ब्लॅकमोरवाले म्हणतात, पेज गचाळ वाजवतो. पेजवाले म्हणतात, ब्लॅकमोर कवायत करतो.

पेज स्टेजवर गचाळ वाजवतो हे काही रात्रींपुरतं अगदी खरं आहे, विशेषतः 1977 च्या अमेरिका दौऱ्यातल्या. पण मग लेड झेपेलिनचं 'हाउ द वेस्ट वॉज वन' ऐका. 25 जून 1972 लॉस एंजेलिस फोरम आणि 27 जून लाँग बीच. टेप तीस वर्षं पडून होत्या, 2003 मध्ये अल्बम आला. पंचवीस मिनिटांच्या 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'मध्ये पुढचं वळण कुठलं ते पेजलाही माहीत नसावं असं वाटतं आणि ड्रम्सवरचा जॉन बॉनहॅम मात्र ते त्याच्याआधी ओळखून तिथे उभा असतो. पेज चुकतो कारण तो ठरवून येत नाही. ब्लॅकमोरचा 'हायवे स्टार'मधला सोलो आधी बांधलेला आहे, स्टेजवरही त्याचा सांगाडा तोच राहतो.

माझं मत पेजच्या बाजूने, पण एका अटीवर: 1973 पर्यंतचा पेज. आणि 'द साँग रिमेन्स द सेम' हा झेपेलिनचा चित्रपट पुरावा म्हणून आणू नका. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या चित्रणात तुकडे कमी पडले म्हणून पुढच्या वर्षी शेपर्टन स्टुडिओत बँडला पुन्हा उभं करून शॉट घेतले. बासवाल्या जॉन पॉल जोन्सने मधल्या काळात केस कापले होते, त्यामुळे तिथे त्याच्या डोक्यावर टोप आहे. एकदा कळलं की नजर तिथेच जाते.

लेड झेपेलिन मुंबईत वाजवून गेले होते, ही थाप आहे का?

अख्खा बँड नाही, पण थापही नाही. 1972 मध्ये जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी सतार, तबला, व्हायोलिनांसकट नोंदवली. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोथेकमध्ये दोघांनी हाती लागतील त्या वाद्यांवर गाणी वाजवली, हीसुद्धा पक्की नोंद आहे. स्टुडिओतली टेप अनेक वर्षं चोरट्या प्रतींमधून फिरली आणि 2015 मध्ये 'कोडा'च्या वाढीव आवृत्तीत अधिकृतपणे आली.

ऐकून निराशा होण्याची तयारी ठेवा. दोन्ही बाजू एकमेकांना जोखतायत तेवढ्यात वेळ संपली, असं ते काम आहे. पण 'फ्रेंड्स'मधली तंतुवाद्यं ऐकण्यासारखी आहेत.

हेंड्रिक्सचं सर्वोत्तम लाइव्ह कुठलं? वुडस्टॉकच ना?

नाही. वुडस्टॉक महोत्सवात त्याने गिटारवर वाजवलेलं अमेरिकेचं राष्ट्रगीत ऐतिहासिक आहे, ते कोण नाकारणार. पण कार्यक्रम इतका लांबला की हेंड्रिक्स स्टेजवर आला तो सोमवारी, 18 ऑगस्ट 1969 च्या सकाळी, बरीचशी गर्दी घरी गेल्यावर. बँड नवा, जेमतेम तालीम झालेला. सोबत दुसरा गिटारिस्ट आणि दोन तालवादक होते, ते रेकॉर्डिंगमध्ये शोधावे लागतात.

त्यापेक्षा फिलमोर ईस्ट, 31 डिसेंबर 1969 आणि 1 जानेवारी 1970. बिली कॉक्स बासवर, बडी माइल्स ड्रम्सवर. जुन्या करारातली देणी फेडायला एक अल्बम हवा होता म्हणून ही 'बँड ऑफ जिप्सीज' रेकॉर्ड निघाली. उधारी फेडताना माणसाने 'मशीन गन' वाजवावं! बारा मिनिटं. सोलोच्या सुरुवातीला एकच स्वर ताणून धरलाय आणि तो फीडबॅकमध्ये (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणाऱ्या घुमाऱ्यात) गेल्यावरही हातातून सुटत नाही. हॉलमधल्या लोकांचा आवाज त्या क्षणी ऐका. चारही खेळांचा संच 2019 मध्ये आला आहे, त्यात 'मशीन गन'चे वेगवेगळे अवतार शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतात.

गिटार जाळली ती कधी?

18 जून 1967, अमेरिकेतला माँटेरी महोत्सव. त्याच दिवशी दुपारी त्याच स्टेजवर पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ वाजवून गेले होते. वाद्य जाळणं पंडितजींना अजिबात रुचलं नाही, ते त्यांनी पुढेही अनेकदा बोलून दाखवलं.

लाइव्ह अल्बम म्हणून विकतात ते खरंच लाइव्ह असतात का?

इथे घोडं पेंड खातं. ओव्हरडब, म्हणजे मैफलीनंतर स्टुडिओत बसून चुकलेले तुकडे नव्याने वाजवणं किंवा गाणं, ही उघड गुपितं आहेत. रोलिंग स्टोन्सच्या 'गेट यर या-याज आउट'मध्ये गायनाचे तुकडे नंतर भरलेले आहेत. किसच्या 1975 च्या 'अलाइव्ह!'वर बरीच रंगरंगोटी झाली, ते निर्माता एडी क्रेमरने पुढे मान्य केलं. जुडास प्रीस्टच्या 1979 च्या 'अनलीश्ड इन द ईस्ट'साठी रॉब हॅलफर्डने पुन्हा गायलं, कारण त्या रात्री आवाज बसला होता. चाहत्यांनी लगेच त्याचं नाव 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' केलं.

सगळ्यात मोठं भांडण थिन लिझीच्या 1978 च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'वरून. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो, पाऊण भाग स्टुडिओत नव्याने केला. बँडमधले लोक म्हणतात, साफ खोटं, थोडंफार गायन आणि काही गिटार एवढंच. दोन्ही बाजू आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. मला व्हिस्कॉन्टीचा आकडा फुगवलेला वाटतो: गिटार, बास आणि ड्रम्सचे आवाज स्टेजवरच्या सगळ्या माइकमध्ये एकमेकांत मिसळलेले असतात, त्यातला पाऊण भाग बदलायचा म्हणजे जवळजवळ सगळंच पुसावं लागेल.

बाकी ओव्हरडब म्हणजे फसवणूकच असं मी मानत नाही. ग्रेटफुल डेडच्या 'युरोप 72'मध्ये गायन नंतर नीट केलंय, तरी वाजवणं त्या त्या रात्रीचंच आहे. टाळ्या मात्र बाहेरून आणून चिकटवल्या असतील तर ती फसवणूक. आणि जागेचं नाव तरी खरं असावं. क्रीमच्या 'व्हील्स ऑफ फायर'ची दुसरी तबकडी 'लाइव्ह ॲट द फिलमोर' म्हणून विकली, प्रत्यक्षात तिच्यावरची चारपैकी तीन गाणी विंटरलँडची आहेत.

प्रेक्षकच नसतील तर लाइव्ह म्हणायचं का? पॉम्पेईचं काय?

ऑक्टोबर 1971 मध्ये पिंक फ्लॉइडने पॉम्पेईच्या प्राचीन रिकाम्या रंगमंडलात वाजवलं, समोर फक्त कॅमेरेवाले. काही गाणी तर नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित केली. माझ्या हिशेबी ते लाइव्ह वाजवणं आहे, मैफल नाही. 'एकोज'साठी ते पाहाच.

साउंडबोर्ड चांगलं की ऑडियन्स रेकॉर्डिंग?

आधी फरक. साउंडबोर्ड म्हणजे हॉलमधल्या मिक्सरमधून थेट टेपवर घेतलेलं. ऑडियन्स म्हणजे गर्दीतल्या कुणीतरी माइक लपवून नेऊन केलेलं. मॅट्रिक्स म्हणजे दोन्ही एकत्र जुळवलेलं. अधिकृत अल्बम या तिन्हींपेक्षा वेगळा, तो मल्टिट्रॅक टेपवरून, म्हणजे वाद्यं वेगवेगळी नोंदवलेल्या टेपवरून, सावकाश मिक्स करतात.

नवे ऐकणारे साउंडबोर्ड म्हटलं की हुरळून जातात. जरा थांबा. मिक्सरमध्ये तेवढंच येतं जेवढं हॉलच्या स्पीकरना द्यायची गरज आहे. छोट्या हॉलमध्ये गिटारचा ॲम्प स्वतःच कानठळ्या बसवत असतो, त्याला स्पीकरची गरजच नसते. म्हणून छोट्या जागेच्या साउंडबोर्ड टेपमध्ये गायक अगदी कानाशी आणि गिटार शेजारच्या इमारतीत वाजल्यासारखी. ज्या गिटारिस्टसाठी टेप मिळवली तोच गायब. त्याच रात्रीचं बरं ऑडियन्स रेकॉर्डिंग असेल तर ते घ्या. टाळ्या, खोकले, कुणीतरी ओरडून मागितलेली फर्माईश, सगळं येईल, पण आवाजांचं प्रमाण हॉलमधलं असेल.

मग टेपची पिढी. मूळ कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, दरवेळी सुस्कारा वाढतो आणि झांजा मरतात. कॅसेटच्या काळात आपल्यापर्यंत येईतो टेपची सातवी-आठवी पिढी असायची आणि आपण त्यावर खूश होतो. शिवाय वेग. यंत्र किंचित जलद चाललं तर अख्खा बँड अर्धा स्वर वर जातो. ओळखीचं गाणं हार्मोनियमशी ताडून बघा. फक्त हेंड्रिक्सच्या बाबतीत सावध राहा: तो बरेचदा गिटारच अर्धा स्वर खाली लावायचा, टेपचा दोष नव्हे.

चोरट्या रेकॉर्डिंग गोळा करणं बरोबर आहे का?

विकणं चूक. बाकी बँडवर आहे. झेपेलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट गर्दीत माइक दिसला की तो हिसकावून मोडायचा. ग्रेटफुल डेडने उलट 1984 पासून टेप करणाऱ्यांसाठी हॉलमध्ये वेगळी जागाच राखली, अट एवढीच की पैसे घ्यायचे नाहीत. डेडची सगळ्यात गाजलेली रात्र, 8 मे 1977, कॉर्नेल विद्यापीठाचं बार्टन हॉल, बेटी कँटर-जॅक्सन या त्यांच्याच ध्वनिमुद्रक बाईंनी टेप केली होती. पुढे त्यांच्या टेप भाड्याच्या गोदामातून लिलावात गेल्या, चाहत्यांच्या हाती पडल्या आणि त्या रात्रीचं अधिकृत प्रकाशन व्हायला 2017 उजाडलं. मधल्या चाळीस वर्षांत ती टेप जिवंत ठेवली ती फुकट्या चाहत्यांनीच.

सोलो इतके लांब कशाला? कंटाळा येतो.

काही खरंच कंटाळवाणे आहेत. वीस मिनिटांचे ड्रम सोलो मीही पुढे सरकवतो, जिंजर बेकरचा असला तरी. पण ज्या श्रोत्याला विलंबित ख्यालाची सवय आहे त्याने ही तक्रार करू नये.

उलट बाजूचा किस्सा सांगण्यासारखा आहे. 1 ऑगस्ट 1971, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशी निर्वासितांसाठीची मैफल. जॉर्ज हॅरिसन, क्लॅप्टन, डिलन पुढे यायचे होते. आधी पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ. वाद्यं लावून झाली आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. पंडितजी शांतपणे म्हणाले, वाद्यं लावणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. रेकॉर्डवर ते जसंच्या तसं आहे.

जलद वाजवणाराच भारी का?

वुडस्टॉकमधला सुसाट ॲल्विन ली बघा, मग लगेच पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरचा 1994 चा अर्ल्स कोर्टमधला 'कम्फर्टेबली नंब' बघा. गिलमोर एकेक स्वर ओढून योग्य जागी नेऊन ठेवतो आणि तिथे थांबतो. थांबायला जास्त छाती लागते. डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर दोन्ही करतो: त्यांचा 'अल्केमी' अल्बम, हॅमरस्मिथ ओडियन, जुलै 1983. 'सुलतान्स ऑफ स्विंग' दहा मिनिटांच्या वर जातं, शेवटची धावपळ सगळी बोटांनी, पिक नाही.

यातलं कोणी आपल्याकडे वाजवून गेलंय का?

रोलिंग स्टोन्स एप्रिल 2003 मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर, नॉफ्लर 2005 मध्ये, पिंक फ्लॉइडचा माजी बासवाला रॉजर वॉटर्स 2007 मध्ये. आयर्न मेडनने (क्लासिक रॉक की मेटल, तो वाद आज नको) 1 फेब्रुवारी 2008 ला वांद्रे-कुर्ला संकुलात दौऱ्याची सुरुवात केली, आणि त्या रात्रीचं 'एसेस हाय' त्यांच्या 'फ्लाइट 666' या अधिकृत लाइव्ह अल्बमवर आहे. मुंबईच्या गर्दीचा आवाज जगभर विकल्या गेलेल्या रेकॉर्डवर ऐकायचा असेल तर हा.

त्याआधीचा इतिहास रंगभवनचा. धोबीतलावाजवळचं ते उघडं नाट्यगृह, 1986 पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचं, रॉक मशीन (पुढे इंडस क्रीड) तिथलेच. त्यांच्या महेश तिनईकरची गिटार तिथे ऐकलेले लोक अजून पेज-ब्लॅकमोर वादात मध्येच त्याचं नाव घुसवतात, आणि घुसवावंच. आवाजाच्या नियमांनी रंगभवन बंद पडलं. त्या रात्रींच्या चांगल्या टेप फार कमी आहेत, हे दुखणं खरं.

आणि हो, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याचा पहिला बँड होता. हे दरवेळी कुणीतरी सांगतंच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

रीमास्टर घेऊ की जुनी आवृत्ती?

रीमास्टर म्हणजे तयार मिक्सवरच हात फिरवणं, रीमिक्स म्हणजे मल्टिट्रॅकवर परत जाणं. 1990 च्या दशकाच्या शेवटापासून निघालेल्या कित्येक रीमास्टरमध्ये आवाज नुसता फुगवलाय, हळू आणि मोठ्यातला फरकच गेलाय. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये तो फरक गेला की हॉल गेला. दोन्ही आवृत्त्या सारख्या आवाजावर लावून ताडा, मोठी वाजते ती चांगली वाटणारच.

इथे आयरिश गिटारिस्ट रोरी गॅलघरचं नाव कसं नाही?

आहे, शेवटी ठेवलं होतं. 'आयरिश टूर 74', जानेवारी 1974, बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क. बॉम्बस्फोटांमुळे बाहेरचे बँड बेलफास्टला फिरकत नव्हते तेव्हा हा दरवर्षी जाऊन वाजवायचा. 1961 ची स्ट्रॅटोकास्टर गिटार, रंग उडून लाकूड उघडं पडलेली. 'वॉक ऑन हॉट कोल्स' लावा, अकरा मिनिटं आहेत.